डॉक्टर नव्हे, गावातल्याच बाया : गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळं कशी वाचवली?

४ डिसेंबर १९९९. लंडनहून निघणाऱ्या 'द लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. तो ना कुठल्या मोठ्या मेडिकल कॉलेजातून आला होता, ना कुठल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून. तो आला होता गडचिरोलीतून.

त्यातला दावा असा होता. ३९ खेड्यांमध्ये पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं, त्या बाळंतिणीच्या घरी गेल्या, बाळाला तपासलं, गरज पडली तर इंजेक्शनही दिलं. आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले.

त्या काळात वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण समज असा होता की आजारी नवजात बाळ वाचवायचं तर हॉस्पिटल हवं, काचेची पेटी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा. गडचिरोलीत यातलं काहीच नव्हतं. मग हे झालं कसं? आणि आज तुमच्या-आमच्या गावात बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या आशाताईचा या गोष्टीशी काय संबंध आहे?

आधी जरा गडचिरोलीबद्दल

गडचिरोली हा जिल्हाच मुळात नवा. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्हा तोडून तो तयार झाला. जंगल, नद्या, विखुरलेली आदिवासी गावं आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. १९८६ च्या सुमारास डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं इथे कामाला आलं. दोघंही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले होते. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'.

सुरुवातीलाच डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली. ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. यातल्या फारच थोड्या जणींनी त्याआधी कधी डॉक्टरला दाखवलं होतं. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढंच सरकारी खात्यांना दिसत होतं. बाईला अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, हे 'अंगावर काढायचं' दुखणं. ते आकड्यांत पहिल्यांदा दिसलं ते या अभ्यासामुळे.

मुलांच्या मृत्यूंकडे वळण्यामागे एक प्रसंग आहे. डॉ. अभय बंग यांनी तो अनेक व्याख्यानांत सांगितला आहे. एके संध्याकाळी एक तरुण आई आणि आजी आजारी बाळाला घेऊन आल्या. बाळ म्हणजे नुसती हाडं आणि कातडी. उपचार सुरू व्हायच्या आधीच ते गेलं. हे बाळ का मेलं याची कारणं त्यांनी नंतर कागदावर लिहून काढली. ती १८ निघाली. गरिबी, आईचं कुपोषण, जन्मतःच कमी वजन, अंधश्रद्धा, रस्ता नसणं, दवाखाना दूर असणं अशी ती साखळी होती.

आता १८ कारणं म्हटल्यावर कुणीही हात टेकेल. गरिबी कधी संपणार आणि रस्ते कधी होणार? पण साखळी तोडायला सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत, कुठलीतरी एक तोडली तरी पुरतं. मग प्रश्न उरला की हाताशी येण्यासारखी कडी कुठली?

पहिली कडी : न्यूमोनिया

लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठं कारण होतं. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, तर न्यूमोनिया ओळखायचा कसा? श्वास मोजून. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका.

पण ज्या बाईला साठपर्यंत आकडे मोजायची सवय नाही, तिने काय करायचं? त्यासाठी एक साधं यंत्र बनलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि बाजूला तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे. दहापर्यंत तर कुणालाही मोजता येतं.

निदान झालं की गावातच तोंडाने द्यायचं अँटिबायोटिक. १९९० मध्ये याचेही निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. ज्या गावांत हा कार्यक्रम राबवला, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले होते.

तरीही पहिल्या महिन्यात मरणारी बाळं उरलीच होती. हाच खरा अवघड गट होता.

२८ दिवसांचा प्रश्न

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला वैद्यकीय भाषेत 'नवजात' म्हणतात. बालमृत्यूंमध्ये यांचाच वाटा मोठा असतो, आणि त्यातही जवळपास तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात.

आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाळाच्या जिवाला नेमका कोणत्या दिवसांत धोका असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. फक्त हातात उपाय नव्हता.

१९९३ पासून 'सर्च'ने गावांची पाहणी सुरू केली. ३९ गावं कार्यक्रमासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली. १९९५-९६ या वर्षात आधी फक्त बघायचं आणि नोंदवायचं ठरलं. घरात जन्मलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात नेमकं काय काय होतं, हे तोवर जगात कुणी इतक्या बारकाईने लिहूनच ठेवलेलं नव्हतं. हॉस्पिटलमधल्या बाळांची माहिती भरपूर होती, पण खेड्यातली बाळं हॉस्पिटलात जातच नव्हती.

त्या वर्षात ७६३ बाळं पाहिली गेली. ९५ टक्के घरीच जन्मलेली. सुमारे ४२ टक्के बाळांचं वजन अडीच किलोपेक्षा कमी. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी उपचारांची गरज पडली, आणि ते मिळाले तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. ४० बाळं दगावली.

याची कारणं गावात बसलं की कळतात. ओली बाळंतीण आणि बाळ घराबाहेर काढायचं नाही ही रीत. खोली अंधारी आणि बाळ कपड्यात गुंडाळलेलं, म्हणजे त्याचा रंग बदलला तरी दिसणार नाही. बाळाने दूध ओढणं बंद केलं तर बाहेरची बाधा समजून आधी पुजाऱ्याकडे. शिवाय दवाखान्यापर्यंत जायला बैलगाडी, आणि जाऊनही तिथे नवजात बाळावर उपचार करू शकणारा डॉक्टर असेलच याची खात्री नाही. लोक अडाणी होते म्हणून जात नव्हते, असं म्हणणं सोपं आहे. पण तिथे गेल्याने बाळ वाचतं, असा अनुभवच नसेल तर कुणी का जावं?

बाळंतीण घराबाहेर पडत नाही, तर मग दवाखानाच तिच्या घरी न्यायचा, असं ठरलं.

आरोग्यदूताच्या पिशवीत काय होतं?

प्रत्येक गावातून एक बाई निवडली गेली. गावातलीच, थोडंफार लिहिता-वाचता येणारी, लोकांनी मान्य केलेली. तिला नाव दिलं आरोग्यदूत. गावच्या दाईला दूर सारलं नाही, उलट तिलाही शिकवून सोबत घेतलं. हे महत्त्वाचं होतं, कारण बाळंतपणाला बोलावणं दाईलाच यायचं. तिने निरोप दिला तरच आरोग्यदूत वेळेवर पोहोचणार.

आरोग्यदूत गरोदरपणातच घरी जाऊन ओळख करून घ्यायची. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायची. दाई आईकडे बघणार, आरोग्यदूत बाळाकडे. बाळ रडलं नाही, श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटात काय करायचं हे तिला शिकवलेलं असायचं. तोंड-नाक साफ करायचं, अंग पुसून चोळायचं आणि तरी श्वास आला नाही तर मास्कने हवा द्यायची. मग स्प्रिंगच्या काट्याला झोळी लावून वजन, थर्मामीटरने ताप, व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन. चिकाचं दूध काढून फेकायचं नाही, लगेच पाजायचं, हे सासूबाईंना समजावणं हेही तिचंच काम.

पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी फेऱ्या. कमी वजनाच्या बाळासाठी जास्त फेऱ्या. अशा बाळाला उबदार ठेवायला एक झोपायची पिशवी होती, डोक्यासकट गुंडाळणारी. ज्याला ओढता येत नाही त्याला आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचं. यात कुठेही वीज लागत नाही, हे लक्षात घ्या.

आणि मग आलं इंजेक्शन.

सगळ्यात जास्त वादाचा भाग

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतो, त्याला सेप्सिस म्हणतात. यात बाळ काही तासांत हातचं जातं. हॉस्पिटलात रक्त तपासून, शिरेतून औषधं देऊन उपचार करतात. गावात रक्त तपासणार कोण?

म्हणून डोळ्यांना दिसतील आणि आईला सांगता येतील अशा लक्षणांची यादी केली गेली. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंदावणं किंवा थांबणं. आधी चांगलं ओढणारं बाळ आता ओढत नाही. बाळ सुस्त, जागं करूनही जागं होत नाही. अंग तापलेलं किंवा गार पडलेलं. बेंबीत किंवा त्वचेवर पू. पोट फुगणं, सारखी उलटी किंवा जुलाब. कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यातली कुठलीही दोन लक्षणं एकाच वेळी दिसली, तर सेप्सिस समजायचा.

अशा वेळी आरोग्यदूताने आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. घरच्यांनी नकार दिला, तर त्यांची संमती घेऊन स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं आणि सोबत तोंडाने दुसरं औषध.

आजही हे वाचून अनेक डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतील. सातवी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचणार? डोस चुकला तर? सुईने गाठ झाली तर? शंका रास्त आहेत, आणि म्हणूनच हे इंजेक्शन पहिल्याच दिवशी आरोग्यदूतांच्या हातात दिलं नव्हतं. पहिलं वर्ष निरीक्षण, मग पुढच्या वर्षी उपचार. त्यांची परीक्षा घेतली जायची, नोंदी डॉक्टर तपासायचे, गावात जाऊन देखरेख व्हायची. शंकेला खरं उत्तर मात्र आकड्यांनी दिलं. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या दर १०० बाळांपैकी १६ ते १७ दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण २.८ वर आलं.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचंही तसंच. आधी त्यांच्यातलं दर तिसरं बाळ जायचं, नंतर दहातलं एक.

एकूण हिशेब काय लागला?

कार्यक्रमाच्या गावांत सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, ते २५.५ झाले. याच काळात तुलनेच्या गावांत आकडा ५८ वरून ५९.६ झाला, म्हणजे जवळपास होता तिथेच राहिला. एका वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्यूदरही ७५.५ वरून ३८.८ वर आला.

खर्च आला एका बाळामागे सुमारे ५.३ डॉलर. दर १८ बाळांची अशी काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

यात एक गोष्ट सहज निसटून जाते. या तीन वर्षांत गडचिरोलीतली गरिबी संपली नव्हती. रस्ते झाले नव्हते. कमी वजनाची बाळं जन्माला येणंही थांबलं नव्हतं. तरीही बाळं जगली. म्हणजे त्या १८ कारणांपैकी बहुतेक तशीच होती, तोडली गेली ती 'घरात उपचार नाहीत' ही एक कडी.

याआधी कुणी असं केलं नव्हतं का?

गावातल्या बाईच्या हाती आरोग्य देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्येच ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या. ते जमेना. बाहेरून आलेली तरुण नर्स गावात एकटी राहायला घाबरायची आणि गावातल्या बायका तिच्याशी मोकळं बोलायच्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, अनेकजणी दलित.

ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्याच हाती बाळंतपणं गेली. जामखेडमध्ये दवाखान्याइतकंच काम विहिरी, महिला मंडळं आणि जातीच्या भिंती यांवर झालं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीचं वेगळेपण असं की त्यांनी हे काम अशा पद्धतीने मोजलं की जगातल्या तज्ज्ञांना ते नाकारणं कठीण झालं. काम जामखेडचंही तितकंच मोठं, पण धोरण बदलायला बरेचदा नियंत्रण गट आणि टक्केवारी लागते.

मग आईचं काय?

अशा कार्यक्रमांची चर्चा बाळावर थांबते आणि आई मागे पडते, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. गडचिरोलीतच ७०० हून जास्त बायकांच्या बाळंतपणांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींना प्रसूतीत किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. आणि बराचसा त्रास प्रसूतीत नाही, तर प्रसूतीनंतर. म्हणजे सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं तेव्हा.

पण आईच्या बाबतीत घरपोच सेवेला मर्यादा आहे. बाळाचा सेप्सिस गावात आटोक्यात येऊ शकतो. आईला अतिरक्तस्राव सुरू झाला, झटके आले किंवा बाळ आडवं असलं, तर रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटरच लागतं. त्यामुळे आईचा जीव ठरतो तो तीन उशिरांवर. घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर, दवाखान्यात पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. गावातली कार्यकर्ती पहिला उशीर नक्की कमी करू शकते, दुसरा थोडाफार. तिसरा तिच्या हातात नाही.

म्हणूनच २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या गरीब बायकांना पैसे मिळू लागले. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि गाडी मोफत केली. महाराष्ट्रात दुर्गम भागांत 'माहेरघर' ही सोय सुरू झाली. पावसाळ्यात भामरागडसारखा तालुका पर्लकोटा नदीच्या पुराने तुटतो, तेव्हा कळा सुरू झाल्यावर निघून उपयोग नसतो. म्हणून बाईने तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. नाव छान आहे, पण घरी आधीची दोन मुलं, सासू आणि शेतीची कामं असताना बाईला आठवडाभर आधी निघता येतंच असं नाही.

गडचिरोलीतून देशभर, पण थोडं पातळ होऊन

२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी एकत्र येऊन गावोगावचे बालमृत्यू मोजले होते. सरकारी नोंदीत जेवढे मृत्यू दिसतात, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त बालकं मरतात, असं त्यातून पुढे आलं आणि राज्यात खळबळ उडाली. याच सुमारास 'अंकुर' नावाने सात संस्थांनी राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी गडचिरोलीची पद्धत वापरून पाहिली. तिथेही नवजात मृत्यू घटले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 'आशा' हे पद आलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने 'घरच्या घरी नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर लागू केला.

इथून पुढचा भाग बहुतेकांना माहीत नसतो. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या. घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. या सगळ्याचा मोबदला ठरला २५० रुपये. सहा भेटींनी भागा, एका भेटीचे ४२ रुपयेही होत नाहीत. आणि ते मिळण्यासाठी अटी होत्या. वजनाची नोंद हवी, लसीकरण हवं, जन्माची नोंदणी हवी आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप हवेत. शेवटच्या अटीचा अर्थ नीट पाहा. ज्या घरात सगळ्यात जास्त धावपळ केली आणि तरी बाळ वाचलं नाही, नेमके त्याच घराचे पैसे अडकणार.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. गडचिरोलीत ज्या जेंटामायसिनने सेप्सिसचे मृत्यू इतके कमी केले, ते देशाच्या कार्यक्रमात आशांच्या हाती दिलंच गेलं नाही. २०१४ मध्ये काही विशिष्ट परिस्थितीत ते द्यायची परवानगी मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंना. सरकारची भीती समजण्यासारखी आहे. ३९ गावांवर डॉक्टरची बारीक देखरेख ठेवणं वेगळं आणि काही लाख आशांवर ठेवणं वेगळं. पण मग देशाने जे स्वीकारलं ते पूर्ण गडचिरोली मॉडेल नव्हतं, हेही मान्य करायला हवं. भेटी, वजन, ऊब आणि सल्ला घेतला, उपचाराचा गाभा दवाखान्यावर सोडला. दवाखाना जवळ असेल तिथे हे चालतं.

सगळीकडे हेच चालतं का?

नाही. नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यात वेगळाच प्रयोग झाला. तिथे कुणाला इंजेक्शन शिकवलं नाही. गावातल्या बायका महिन्यातून एकदा जमायच्या आणि बाळंतपणात काय अडचणी येतात, त्यावर आपण काय करू शकतो, यावर बोलायच्या. २००४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी निघाले. मग 'एकजुट' या संस्थेने झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागात हेच केलं. तिथे घट आली ३२ टक्के. नुसत्या बैठकींनी? हो. बायकांनी मिळून पैसे साठवले, गाडीची सोय ठरवली, स्वच्छ ब्लेड-दोऱ्याचं साहित्य घरात ठेवलं.

मग हाच प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला, 'स्नेहा' संस्थेच्या कामातून. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. संस्थेने आणि संशोधकांनी ते लपवलं नाही, जसं निघालं तसं छापलं, आणि म्हणूनच ते उपयोगाचं आहे. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, नवजात मृत्यूदरही खेड्यांइतका नव्हता. शिवाय वस्तीत आज असलेलं कुटुंब पुढच्या वर्षी भाड्याची खोली बदलून दुसरीकडे जातं. गावातली एकी तिथे तशीच उभी राहत नाही.

आता परिस्थिती कशी आहे?

बरीच बदलली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात राज्याचा अर्भक मृत्यूदर हजारी १६ होता, देशाचा २८. नवजात मृत्यूदर राज्यात ११, देशात २०. कार्यक्रमाआधीच्या गडचिरोलीच्या ६२ शी तुलना केली तर अंतर कळेल.

पण राज्याची सरासरी मेळघाट, नंदुरबार किंवा भामरागड दाखवत नाही. आणि दवाखान्यात जन्मलेलं बाळही दोन-तीन दिवसांत घरीच येतं. पहिल्या आठवड्यातले उरलेले दिवस ते त्याच घरात काढतं.

काही कड्या तर जशाच्या तशा आहेत. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्ताक्षय असल्याचं आढळलं. २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून सुरू आहे. ती अंगणवाडीताई आणि मदतनीस यांच्या भरवशावर चालते.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचं काय, हा प्रश्न वेगळाच. तिचं नाव बीडमधल्या आशाताईच्या वहीत असतं आणि बाळंतपण पश्चिम महाराष्ट्रातल्या फडाजवळच्या खोपीत येऊन ठेपतं. घरभेटीची सगळी योजना 'घर' एका जागी आहे असं धरून केलेली आहे.

आणि आशाताई? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्यानंतरही मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातल्या आशांना आझाद मैदानात बसावं लागलं. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत.

तुमच्या घरात बाळ असेल तर

आशाताईच्या या भेटींसाठी कुटुंबाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट झाली नाही, तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. भेटीत बाळाचं वजन आणि ताप मोजायला सांगा, आईचं अंगावरून जाणं, ताप आणि स्तनातल्या गाठी यांबद्दलही तिच्याशी बोला. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातल्या भेटीही ठरलेल्या आहेत.

बाळ आधीसारखं ओढत नाही, रडणं मंद झालं, अंग गार किंवा गरम लागतंय, श्वास भरभर चाललाय, छाती आत जातेय, बेंबीतून पू येतोय किंवा बाळ जागंच होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट बघू नका. बाळगुटी, शेक, अंगारा यात वेळ घालवू नका. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावा, वरून पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. बाळ ओढत असेल तर वाटेत अंगावर पाजत राहा.